समजलं का?

ऑनलाईन कोर्सच्या रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी सरांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "समजलं का?" आणि गप्प उभे राहिले.

मला वाटलं पुढचं वाक्य विसरले. टेलिप्रॉम्प्टर चालवणाऱ्या पोरालाही तेच वाटलं असणार, त्याने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, परत वर. सर तसेच. चार-पाच सेकंद गेले, मग त्यांनी स्वतःशीच मान हलवली, "बरं, पुन्हा एकदा बघू" म्हणाले आणि तोच मुद्दा दुसऱ्या बाजूने सांगायला लागले. समोर कोण होतं? मी, ते पोरगं, कॅमेरामन आणि जुन्या रेकॉर्ड रूमचं गंजलेलं कपाट. यातल्या कुणाचा चेहरा वाचून सरांनी ठरवलं की पुन्हा सांगायला पाहिजे, देव जाणे.

मे महिना होता, २०२२ चा. गाव संभाजीनगर, माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. पंखा लावला की कॉलर माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, एसी मंजूर झालेला पण आलेला नाही, त्यामुळे सर दर दहा मिनिटांनी रुमालाने कपाळ पुसायचे आणि आम्ही तेवढं कापायचो. खिडकीखालून भंगारवाला ओरडत गेला की रिटेक. ४८ मिनिटांच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये "समजलं का?" ३१ वेळा आलं. मोजलं, कारण मला ते सगळं कापायचं होतं.

माझं काम सांगते. मी इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्सची आखणी करणारी. पुण्यात ई-लर्निंगच्या कंपन्यांमध्ये नऊ वर्षं काढली, बँकेच्या कर्मचाऱ्यांना पासवर्ड कसा ठेवायचा असले कोर्स बनवले, मग आईच्या तब्येतीमुळे इकडे परत आले आणि इथल्या एका विद्यापीठात कंत्राटी लागले. आमच्या धंद्यात या पदाला आयडी म्हणतात आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एसएमई, म्हणजे विषयतज्ज्ञ. पहिल्या मीटिंगमध्ये मी "मी तुमची आयडी" म्हणलं तर सर म्हणाले, "म्हणजे ओळखपत्र बनवता का तुम्ही? माझं हरवलंय बगा." सगळे हसले. मी पण हसले, पण मनात म्हणलं, अवघड आहे. सर तेव्हा अठ्ठावन्नचे, अर्थशास्त्राचे, विषय सांख्यिकी, वर्गात अजून खडूफळा.

खडाजंगी झाली ती 'समजणे' या क्रियापदावरून. कोर्स करताना आधी लिहायचं असतं की हे झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल, त्याला आउटकम म्हणतात. त्यासाठी ब्लूमची उतरंड वापरतात, १९५६ ची, २००१ मध्ये सुधारलेली, आठवणं, समजणं, वापरणं, तपासणं अशी वर चढत जाणारी. ब्लूमच्या यादीत समजणं आहेच, पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटवून घेतात की आउटकम लिहिताना नुसतं 'समजेल' लिहायचं नाही, कारण समजलं की नाही हे मोजता येत नाही. 'फरक सांगता येईल' लिहा, 'काढता येईल' लिहा. सरांनी लिहून आणलं होतं, 'विद्यार्थ्यांना प्रमाण विचलन समजेल.' (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप.) मी लाल केलं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, मोजता येत नाही म्हणायलात, मग तीस वर्षं मी वर्गात 'समजलं का' विचारतोय ते काय करायलोय?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, म्हणजे ते देण्यासारखं नसणार.

मग कापाकापी. २०१४ साली फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाईन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधली जवळजवळ ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती आणि त्यातून निघालं की सहा मिनिटांच्या आतला व्हिडिओ लोक बघतात, त्याहून लांबला की सुटतात. आमच्या धंद्यात हा सहाचा आकडा स्तोत्रासारखा झालाय. मी ४८ मिनिटांचे आठ तुकडे केले. 'समजलं का' उडवलं, घाम उडवला, मधेच सरांनी पावसाचं एक लांबलचक उदाहरण लावलं होतं, अकरा मिनिटांचं, ते आउटकमशी जुळेना म्हणून सगळंच उडवलं आणि त्याजागी स्टॉकमधलं एक देखणं अ‍ॅनिमेशन टाकलं, दोन मशीन, दोन्हीतून बोल्ट पडतायत, सरासरी लांबी सारखी पण एकाचे बोल्ट लहानमोठे. वाळूजला कंपनीत कामाला असलेल्या एका विद्यार्थ्याला ते फार आवडलं. बाकी कुणी काही बोललं नाही.

त्याच अभ्यासात पुढे लिहिलेलं आहे की वर्गातलं लेक्चर कापून तुकडे केले तरी ते मुद्दाम छोटं म्हणून बनवलेल्या व्हिडिओसारखं धरून ठेवत नाही. ते मी वाचलेलं होतं. सहा लक्षात राहिला, हे सोयीस्कर विसरले.

नोव्हेंबरमध्ये कोर्स सुरू झाला. पहिल्या आठवड्यात पोरं आली, दुसऱ्यात प्रमाण विचलन आलं, तिसऱ्यात निम्म्याहून जास्त गायब. ऑफिसातून फोन आला, तो याबद्दल नव्हता, "एकूण किती तासांचे व्हिडिओ झाले ते पाठवा" यासाठी होता. आपल्याकडे स्वयम, म्हणजे सरकारचं ऑनलाईन कोर्सचं व्यासपीठ, २०१७ ला आलं तेव्हापासून ऑनलाईन कोर्सचे चार भाग ठरलेत, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि परीक्षण. कागदावर चारही सारखे. प्रत्यक्षात व्हिडिओ म्हणजे नवरदेव आणि बाकी तीन वऱ्हाडी, त्यांना बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ. २०२१ च्या नियमाने तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, म्हणजे हे वऱ्हाड वाढतच जाणार. आणि प्राध्यापकाने कोर्स बनवायला घेतला म्हणून त्याचे तास आमच्याकडे तरी कुणी कमी करत नाही, चार लेक्चर घेऊन घामेजलेला माणूस पाचव्या तासाला स्टुडिओत येतो आणि आपण त्याला सांगतो, सर जरा हसून बोला. असो.

सरांची सही हवी होती म्हणून एका शनिवारी त्यांच्या केबिनमध्ये गेले. सर वर्गावर होते. टेबलावर एक वही पडलेली, दोनशे पानी, पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी पडून कडा बिस्किटासारख्या झालेल्या. अशा वह्यांबद्दल आमच्यात जोक आहेत. तीस वर्षं त्याच नोट्स वाचून दाखवतात वगैरे. मी उघडली ती खरं तर या जोकसाठीच, फोटो काढून पुण्याच्या ग्रुपवर टाकायचा होता.

मधल्या भागात निळ्या शाईत नोट्स होत्या, त्या वर्षानुवर्षं त्याच असणार. पण समासात लाल शाईच्या फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीपुढे साल.

'१९९८. शून्य धरलंच नाही. उरलेल्यांनी भागलं.'

'२००१. अंतराचा वर्ग कशाला? अर्धा वर्ग अडकला. उद्या परत.'

'२००३. पुस्तकातलं पगाराचं उदाहरण सोडलं. पाऊस घेतला. चाललं.'

'२०१६. लातूरकडची तीन पोरं. सरासरी पाऊस म्हणताच हसली.'

ती फुली बघून मी खुर्चीत बसले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, जलदूत नाव होतं त्या गाडीचं, आणि त्याच वर्षी पावसाळा संपता संपता इतका कोसळला की मांजरा धरण भरलं. एका वर्षात तहान आणि पूर दोन्ही बघितलेल्या पोरांना तुम्ही सांगताय की सरासरी इतके इतके मिलिमीटर. हसणार नाहीत तर काय. सर नंतर म्हणाले, त्यातला एकजण उठून बोलला होता, "सर, सरासरीने अंघोळ होत नाही." म्हणे प्रमाण विचलन शिकवायला एवढी चांगली सुरुवात पुन्हा मिळाली नाही.

आणि तेच अकरा मिनिटांचं पावसाचं उदाहरण मी कापून कचऱ्यात टाकलं होतं.

सर आले, वही माझ्या हातात बघून रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "जपून धरा, शिवण गेलीय." विचारलं, फुल्या कशाच्या? "लेकरं जिथं अडकतात तिथल्या. पुढल्या वर्षी त्या जागी जरा हळू जायचं." मग 'समजलं का' विचारून तुम्ही कॅमेऱ्यापुढे थांबत होता ते? सर जरा ओशाळले. "सवय. तिथं थांबायचं असतंय, एवढंच अंगात बसलंय."

अ‍ॅडी म्हणून आमच्याकडे कोर्स आखायची एक चौकट आहे, १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकेच्या लष्करासाठी तयार झालेली. तिचं पहिलंच अक्षर अ‍ॅनालिसिसचं, शिकणारा कोण आहे आणि कुठे अडकतो ते आधी शोधा. या कोर्ससाठी ते मी एका गूगल फॉर्मवर उरकलं होतं, तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का, हो किंवा नाही. आणि इथे एका माणसाने ते लाल पेनाने तीस वर्षं करून ठेवलेलं, कुणी विचारलं नाही म्हणून कपाटात.

त्या रात्री मी कचऱ्याचं फोल्डर उघडलं. नशीब, जागा रिकामी करा असा मेल येऊनही मी आळसाने काही डिलीट केलं नव्हतं. कापलेले तुकडे लावले, शेजारी वहीच्या पानांचे फोटो. ३१ ठिकाणांपैकी बरीचशी नुसती बोलण्याची सवय होती, आपण 'काय' किंवा 'बरं का' म्हणतो तशी. पण जिथे सर खरंच थांबले होते, चार सेकंद, सहा सेकंद, तिथे समोर वहीत फुली होती. जवळपास प्रत्येक ठिकाणी.

मला आईची पुस्तकं आठवली. आईने लग्नानंतर, मी शाळेत असताना, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं. ते विद्यापीठ १९८९ चं, आमच्या मोबाईल-बिबाईलच्या कितीतरी आधीचं. पुस्तकांत धड्याच्या सुरुवातीला उद्दिष्टं असायची आणि मधेच कुठेतरी मजकूर थांबून प्रश्न विचारायचा. आई परभणीकडच्या आमच्या घरात भाकरी झाल्या की चुलीपुढेच बसून त्या प्रश्नांची उत्तरं पेन्सिलीने लिहायची, मग मागे उत्तर बघायची आणि चुकलं तर पुस्तकालाच म्हणायची, "आधी सांगायचं ना मग." समोर मास्तर नाही हे पुस्तक लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याने मास्तरचं थांबणं पानावर आणलं होतं. एवढं घरात बघून मोठी झालेली मी, पुण्याला जाऊन सहा मिनिटं शिकून आले.

उन्हाळ्यात सगळा दुसरा आठवडा आम्ही नव्याने बांधला. सर फाईल पाठवतात आणि मी ती सजवते, हा आधीचा प्रकार बंद केला, समोरासमोर बसलो, मधे वही आणि चहा. सुरुवात पावसाने. दोन गावं, पाच आठवडे. पहिल्या गावात दर आठवड्याला २० मिलिमीटर. दुसऱ्या गावात चार आठवडे शून्य आणि पाचव्याला एकदम १००. सरासरी दोन्हीकडे २० च. पेरणी कुठे टिकेल? हे आधी विचारायचं, सूत्र नंतर. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला याचं उत्तर सूत्राशिवाय येतं, आणि उत्तर आल्यावर त्याला सूत्राची गरज वाटते, हे सरांचं म्हणणं.

मग मी नेहमीप्रमाणे म्हणलं, आता प्रश्नाला चार पर्याय द्या, एक बरोबर, तीन चूक. सर म्हणाले, "चूक कशाला बनवायच्या, आहेत की." आणि वही पुढे सरकवली.

हा दुपारचा भाग मला सगळ्यात जास्त आठवतो. दुसऱ्या गावाचं प्रमाण विचलन ४० येतं. सरासरीपासूनची अंतरं घ्या, उणे २० चार वेळा आणि अधिक ८० एकदा, वर्ग करा, चारदा ४०० आणि एकदा ६४००, बेरीज ८०००, पाचने भागा, १६००, वर्गमूळ ४०. सरांनी एकेक चूक उत्तर उचललं आणि ते लिहिणारं पोरगं कोण ते सांगायला लागले. १६०० लिहितं ते घाईतलं, वर्गमूळ राहिलं, त्याला फक्त "एक पायरी उरली" एवढंच म्हणा. शून्य लिहिणाऱ्याने वर्ग केलाच नाही, उणे आणि अधिक एकमेकांत कटले, त्याला विचारा, मग या गावात पाऊस दर आठवड्याला सारखाच पडला का रे? सरासरीच १०० म्हणणाऱ्याने कोरडे आठवडे सोडून दिले. त्याला काय सांगायचं? सर म्हणाले, लिहा, 'शून्याचा आठवडापण मोजायचा, त्या आठवड्यात पीक रानातच उभं होतं.'

"आणि ३२?" मी विचारलं, कारण वहीत ३२ ला फुलीभोवती गोल होता.

"ते पोरगं हुशार आहे. त्यानं उणे चिन्ह पुसलं, नुसत्या अंतरांची सरासरी काढली. ते पण एक माप आहे, सरासरी विचलन म्हणतात त्याला, फक्त आपण विचारलं ते नव्हे. त्याला चूक म्हणू नका बगा. त्याला म्हणा, तू दुसऱ्याच दारातून आलास."

ते मी जसंच्या तसं टाकलं. सिस्टीममध्ये प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा निरोप देता येतो, मी नऊ वर्षं तिथे 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच टाकत आले होते.

आता सगळं गोड झालं असं नाही. नवीन कोर्स सुरू झाला आणि पहिल्याच टेस्टला बोंब. बरोबर उत्तर लिहूनही काही पोरं नापास. बघितलं तर त्यांनी '४०' मराठी आकड्यांत टाईप केलेलं आणि आमच्या सिस्टीमला फक्त इंग्रजी आकडे कळतात. कोर्स मराठी, प्रश्न मराठी, मीच सगळीकडे मराठी कीबोर्ड वापरा म्हणून आग्रह धरलेला. दुसरा गट ४४.७२ वर अडून, आणि त्यांचंही खोटं नाही, स्प्रेडशीटमधला नेहमीचा फॉर्म्युला पाचच्या जागी चारने भागतो, कारण तो आकड्यांना पूर्ण यादी न समजता मोठ्या यादीतला नमुना समजतो. सरांनी वहीत नवीन फुली मारली, '२०२३. मशीन ४ ने भागतं.' आणि व्हिडिओचं वजन कमी करूनही खेड्यात रेंज नसली की काय उपयोग, म्हणून शेवटी नुसता आवाज वेगळा काढून दिला. 'समजलं का' आणि पुढची चार सेकंदं मात्र यावेळी ठेवली. एडिटरने दोनदा विचारलं, मॅडम इथे आवाज गेलाय का.

जानेवारी २०२४ मध्ये एक व्हॉइस नोट आली. बीड जिल्ह्यातली मुलगी, दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेली, कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, लहान भावंडं सांभाळायची आणि जमेल तसा कोर्स ऐकायचा, मोबाईल चार्ज व्हायचा ट्रॅक्टरवाल्याकडे. मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं. पावसाचं उदाहरण ऐकून तिने आईबापाच्या कोयत्याचा रोजचा माल मांडला होता, आठवड्याभराचा, किती टन. सरासरी काढली, अंतरं काढली. आणि विचारत होती, "सर, मंगळवारी आईला ताप होता, खाडा झाला. तो दिवस शून्य धरायचा का सोडून द्यायचा? तुम्ही म्हणलात कोरडा आठवडापण मोजायचा."

सरांना ऐकवलं. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, हे आपण काय विचारतोय त्यावर आहे, एका दिवसात किती तोडतात ते बघायचं तर खाडा सोडावा, आठवड्याला हातात काय पडतं ते बघायचं तर शून्य धरावा. अगदी पाठ्यपुस्तकासारखं बरोबर. तसंच रेकॉर्ड करून पाठवलं, शेवटी सवयीने "समजलं का?"

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, रेंज मिळाल्यावर.

"समजलं सर. पण मुकादम शून्य नाही धरत. खाड्याचे उलटे पैसे कापतो. मग आकडा शून्याच्या खाली जातो ना?"

सर बराच वेळ माझ्या फोनकडे बघत होते. मग वही मागितली, पावसाचं पान काढलं, समासात जागा उरली नव्हती म्हणून वही आडवी फिरवली आणि लाल पेनाने फुली मारून लिहिलं, '२०२४. खाडा. मी अडकलो.'